लाल-पांढरा

शर्वाणीचा फोन आला तेव्हा मी रिळं मोजत होतो.
रावपुऱ्यातलं दुकान, दुपारचे तीन,
गल्लीत एक कुत्रं आणि मी,
आणि ती सांगते, बाबा, वसंत आला.

कुठे?
इथे, बेटावर.
ती तिथे फुटके रांजण चिकटवते,
दोन-अडीच हजार वर्षांपूर्वी कुणाच्या तरी हातून पडलेले.
रात्रभर दक्षिणेचा वारा होता, म्हणाली,
सकाळी बघते तर बंदरावरचा सगळा कातळ हिरवा,
त्या हिरव्यात लाल फुलं,
इतकी पातळ की हात लावला तर रंग लागत नाही,
नुसती थरथर लागते.
बोटी उपड्या घालून निळ्या रंगवायला काढल्यात.
हिवाळाभर बंद खानावळीच्या खुर्च्या
आज पाय धुऊन बाहेर आल्या.

मी विचारलं, लाल म्हणजे कुठला लाल?
ती हसली.
माझ्याकडे एकोणीस लाल आहेत हे तिला माहीत आहे.
डाळिंबी, गाजरी, कुंकवाचा, विटेचा,
एकाला तर नावच नाही, फक्त नंबर.
गिऱ्हाईक चिंधी पुढे करतं, "काका, आना जेवोज",
मी मागे न बघता डबा काढतो.
फोनवरून मात्र काही जुळवता येत नाही.

मग तिने दोऱ्याचं सांगितलं.
एक तारखेला घरमालकीणबाईंनी तिच्या मनगटाला
लाल-पांढरा पीळ बांधला,
मार्चचं ऊन बाधू नये म्हणून.
पहिली भिंगरी दिसली की सोडायचा,
फांदीला अडकवायचा, पाखरं घरट्याला नेतात.
अजून यायच्यात, म्हणाली.

रात्री प्रमिलाला सांगितलं.
ती म्हणाली, तिकडे वसंत. इकडे माठ आणा.
खरंच आहे. आपल्याकडे तो कधी येतो, कधी उरकतो.
कमाटीबागेत सावर फुलते, चार दिवस साळुंक्या झिंगतात,
विश्वामित्रीची मगर काठावर येऊन पडते,
होळी पेटते
आणि दुसऱ्या दिवशी पंखा चारवर.

तरी दुकान बंद करताना मी पीळ घातला.
पांढरा लगेच सापडला.
लाल निवडायला पाऊण तास.
एका हाताने बांधता येईना, गाठ दातांनी मारली.

सूरसागरवरून घरी जातो मी, तीस वर्षं.
तारांवर भिंगऱ्या बसतात थंडीभर,
सुताला पडलेल्या गाठींसारख्या.
कधी बघितलं नव्हतं.
आता मोजतो, रिळं मोजावीत तशा, पाच-पाचने.
सोमवारी सत्तर.
गुरुवारी चाळीस, एखादी इकडे-तिकडे.
रविवारी अकरा.

बँकेतले दिघे दुर्बीण बाळगून असतात.
म्हणाले, या त्या नव्हेत हो.
तिकडे जातात त्या आफ्रिकेतून.
या आपल्या, हिमालयाकडच्या.
असू दे.
मी काही त्यांच्याजवळ निरोप देणार नव्हतो.

काल तार रिकामी होती.
मागे राहिलेली एक तेवढी खाली आली,
पाण्यात चोच बुडवून उठली,
पुन्हा बुडवून उठली,
तळ्याला धावदोरा घालावा तशी.
मग तीही नाही.

दिसली की सोडायचा, हे तिकडचं.
दिसेनाशी झाली की काय करायचं,
ते कुणी सांगितलेलं नाही.
मी कठड्याशी उभा. मागून रिक्षावाला,
"काका, आववुं छे के नहीं?"

रात्री अकराला शर्वाणीचा फोटो आला.
बदामाची फांदी, तिला पीळ,
खाली एकच शब्द: आली.
मी मनगट फोनजवळ धरलं.
माझा लाल गडद वाटतोय, एखाद्या नंबरने.
प्रमिला म्हणाली, कात्री देऊ का?
म्हटलं, थांब.
दिव्याखाली रंग खोटं बोलतो.
दोरा जुळवायचा तर उन्हात.