श्वासाची खूण

वडगावात आमच्या गल्लीत एकवीस माग.
सकाळी सहाला सुरू होतात, रात्री अकराला थांबतात,
मधल्या वेळात जे काही ऐकायचं
ते मागाला चुकवून.

मी हेडफोन लावतो.
"जपानी कार्टून," आप्पा म्हणतात, "बत्तीस वर्षांचा घोडा झालास."
ती मालिका माझ्याहून दोन वर्षांनी थोरली.
कंदील वाहणारी मुलगी, तिचा तीन पायांचा कोल्हा,
दर उन्हाळ्यात एक चित्रपट.
मुलगी अजून अकराचीच.

गोष्टीसाठी बघत नाही मी, पण सांगून कुणाला पटत नाही.
उद्यमबागेत दिवसभर लेथवर उभा,
कानात लोखंडाचा कीस भरून घरी येतो,
आणि शेवटी न वाचता येणारी नावं वर सरकू लागली
की आवाज वाढवतो.
तिथं सत्तर माणसं एकत्र बसून वाजवतात.

पहिल्या चित्रपटात कंदिलाची धून एकट्या बासरीवर होती,
पाच सुरांची, शाळेच्या घंटेएवढी.
सातव्यात चेलोंनी उचलली, जड झाली.
बाराव्यात सापडलीच नाही. शोधायला तो दोनदा बघितला.
एकोणिसाव्यात कोल्हा बर्फात हरवतो
तेव्हा ती उलटी येते,
शेवटच्या सुराकडून पहिल्याकडे,
इतकी हळू
की ओळखेपर्यंत निघून गेलेली असते.

त्या दिवशी लाईट गेली.
एकवीस माग एकदम थांबले.
आधी वाटतं, आपणच बहिरे झालो.
हेडफोनची वायर दुपारीच तुटलेली,
लॅपटॉप बॅटरीवर,
आणि एकोणिसावा चित्रपट उघड्यावर, सगळ्या गल्लीत.

आप्पा परसातून आत आले.
पलटणीच्या बँडमध्ये तेवीस वर्षं युफोनियम,
पचमढीला शिकलेले.
वाद्य सरकारी, ते तिकडंच राहिलं.
घरी आला तो ओठावरचा गोल वळ.

"मागं घे. अजून. हां.
हे हॉर्न चौघं आहेत बघ, खरं एकच वाटतंय.
चौघांनी एकदम दम घेतला तर सुराला भोक पडतंय,
म्हणून आळीपाळीनं चोरायचा.
हितं दुसऱ्यानं घेतला. हितं तिसऱ्यानं."

मला काही ऐकू आलं नाही.
परत मागं घेतलं.
तिसऱ्या खेपेला आलं:
दूर कुठल्या तरी शहरात, बंद खोलीत,
एका माणसाचं नाक.

शेजारचे शिवलिंग तिगडी दारात, भुवयांवर कापूस.
"एनदु?"
काय सांगणार. सरकून जागा दिली.
ते उंबऱ्यावर बसले, बर्फ बघत.

"लढाईत बँडवाल्याला वाद्य नसतंय,"
आप्पा स्क्रीनला सांगितल्यासारखं बोलले,
"स्ट्रेचर असतंय.
पुढचा आणि मागचा, पाय जुळाय लागतात,
न्हाईतर वरचा ओरडतोय.
डोक्यात एक धून धरायची."
"कुठली?" मी विचारलं.
त्यांनी ओठ मुडपले
आणि आवाजाशिवाय चार-पाच सूर हवेत फुंकले.
बोटं मांडीवर तीन कळा दाबत होती.

लाईट आली.
माग एकामागून एक, कुणाचा कुणाशी मेळ नाही.
तिगडी गुडघ्यावर हात टेकून उठले.
कोल्हा सापडला का, ते त्यांनी विचारलं नाही,
मीही पुढचं ऐकू शकलो नाही.

सकाळी टीव्हीवर वीजबिल.
मागच्या कोऱ्या बाजूला पेन्सिलीच्या पाच रेघा,
त्यांवर कंदिलाची धून, सुलट,
एकही सूर न चुकता.
वर दोन स्वल्पविराम, दम घ्यायच्या जागी.
तिसरा काढून खोडलेला,
इतका घासून
की पलीकडं रक्कम दिसते.