साठ सेकंद

मिऱ्याकडे तोंड केलेली चौदा मजली इमारत.
तिच्या आगीच्या लिफ्टमध्ये
हापूसच्या अकरा रिकाम्या पेट्या, एक मोडका पाळणा
आणि वाळत घातलेला कुणाचा तरी रेनकोट.
"आत्ता काढतो मॅडम," वॉचमन शितप म्हणाला,
"ही लिफ्ट कुणी वापरत नाय ना."

मी आधी खड्ड्यात उतरते. नेहमीच.
लिफ्ट वर आरसा दाखवते,
खरं काय ते तळाशी असतं.
बफरच्या स्प्रिंगला मीठ चढलेलं,
कोपऱ्यात बोटभर पाणी, पाण्यात एक खेकडा.
समुद्र इथून तीनशे पावलं.
त्याने नांगी उचलली,
जणू तपासणीला तो माझ्या आधी आला होता.

मग वर, मशीनरूम.
दोरावरून चिंधी फिरवते. तुटलेली तार चिंधीला धरते.
तीन ठिकाणी धरली. लिहिलं.
जनरेटर तिसऱ्या खेपेला खोकत उठला. लिहिलं.
तळमजल्यावर काचेआडचा लाल स्विच:
काच शाबूत, हातोडी गायब, साखळी तेवढी लोंबते,
आणि आत पितळेवर हिरवा थर,
महिनोन्महिने न घासलेल्या पळीवर असतो तसा.

सेक्रेटरी विलणकर कोकम सरबताचा ग्लास धरून मागेमागे.
"मार्चअखेर आहे मॅडम. जरा दमानं घ्या."

उरलं होतं घड्याळ.
नियमात साठ सेकंद, तळापासून माथ्यापर्यंत.
चौदाव्यावर दार उघडलं
तर समोर चाकाच्या खुर्चीत होडेकर चाचा,
इस्त्रीचा सदरा घालून, तयार.
"खाली जाताना मला घेऊन मोज."
चाचणीत माणूस घेत नाहीत, मी म्हटलं.
"आग लागल्यावर पण हेच सांगशील काय?"

खुर्ची तिरकी केली, पायठेव दुमडली,
तेव्हा कुठे दार मिटलं.
म्हणाले, ट्रॉलरच्या पंख्यात जाळं अडकलं
की दातात सुरी धरून उतरायचो बोटीखाली.
पंच्याऐंशीपर्यंत दम धरायचो.
तू घड्याळावर मोज, मी छातीवर मोजतो.

बाराव्यापर्यंत गाल फुगलेले.
नवव्याला लिफ्ट कण्हली, रेंगाळली,
पुन्हा निघाली.
सातव्याला गळ्याची शीर.
पाचवा मजला यायच्या आत
"हाः" करून ते फुटले, खोकले, हसले,
आणि पुढचे पाच मजले आम्ही दोघं
नुसते आकडे उतरताना बघत राहिलो.

त्र्याहत्तर.

"साठ लिहा की," विलणकर म्हणाले,
"तेरा सेकंदांनी काय होतंय?"
माझ्याकडे उत्तर होतं, छापील, कलमासकट.
त्याआधीच चाचांनी त्यांचं मनगट पकडलं:
"चल, धर दम. तेरा नको, त्र्याहत्तर धर."
विलणकर हसले. मग, का कोण जाणे, धरला.
शितप पेटी हातात घेऊन थांबला.
सरबताचा ग्लास आधी थरथरला,
मग कान लाल झाले,
मग एकतीसला सुटलं सगळं, सदऱ्यावर कोकम.
कुणी काही बोललं नाही.

मी रकाना भरला: असमाधानकारक.
पंधरा दिवसांनी फेरतपासणी.
खेकड्यासाठी रकाना नव्हता.
शितप पेट्या बाहेर काढत होता, दोन दोन करून;
पाळणा राहू द्या म्हणाला, कुणाचा ते विचारावं लागेल.
चाचांना वर सोडलं, दुसऱ्या लिफ्टने.

संध्याकाळी भाट्ये पुलावर
स्कूटर चालवताना मीही धरला दम,
खाडीवर ओहोटी, वारा अंगावर, तोंड मिटून.
पूल अर्धा उरला होता
तेव्हा सुटला.