काठावर

शुक्रवारी सकाळी साडेसात, धैद रस्ता.
पत्र्याच्या छपराखालून पंचवीस मीटर वाळू.
टेकबहादूर निळी पेटी उघडतो:
"काल आली, मॅडम. अजून कुणी हात लावला नाही."
फोममध्ये कापलेल्या खाचेत ती आडवी,
चेंबरमध्ये नारिंगी पट्टी,
जिभेखाली थर्मामीटर धरल्यासारखी.

मला वाटलं होतं पिस्तूल म्हणजे
जड असेल, थोडं उद्धट.
ही एखाद्या दंतवैद्याच्या ट्रेमधली वाटते.
नळी खाली, पंज्याच्या अगदी लगत,
मूठ अक्रोडाची, कुणा दुसऱ्याच हाताच्या मापाची;
अंगठ्याच्या बुंध्याशी लाकूड बोचतं.
कानस आहे, तो म्हणतो,
पण क्लबची वस्तू, विचारावं लागेल.
मी तर माझ्या खोलीत खिळा ठोकायलाही विचारते.

गोळ्या करंगळीच्या पेराएवढ्या, मेणचट.
पाच भरल्या. बोटांना शिशाचा वास.
बावीस बोअरची गंमत, तो सांगतो,
पिन मधोमध पडत नाही, काठावर पडते,
ठिणगीचा मसाला सगळा काठातच असतो.
मी हसले.
मिरजेला डीएमएलटी मीही काठावरच पास झाले,
दोन मार्कांनी.

चाप ओढला आणि ओळखला.
आधी सैल, रिकामा.
मग एक भिंत, बारीकशी.
मग ती नाही.
अहो, हे तर मी रोज करते,
मुवैलाच्या सेंटरवर, सात ते तीन:
व्हिसाच्या तपासणीला रांगेत आलेले दंड,
सिमेंटनं राखाडी, उन्हानं काळे,
कातडी, कातडीखाली शीर, शिरेची भिंत,
कानाला नाही, फक्त बोटाला ऐकू येणारं 'टप्',
आणि नळीत लाल.
अकरा वर्षं. हात कधी हलला नाही.

पहिला बार.
शेजारच्या फ्लॅटमध्ये कुणी पोळपाट आपटावा
एवढाच आवाज, कानटोप्यांतून.
धक्का जवळजवळ नाहीच.
तरी डोळे मिटले.
दुसरा. मिटले.
सात. खाली, डावीकडे.

टेकबहादूर काही बोलला नाही.
पुढचं मॅगझीन त्यानंच भरलं, माझ्याकडे पाठ करून.
तिसऱ्याला चाप सुटला:
टिक.
गोळी नव्हतीच, डमी घातली होती त्यानं,
आणि नळीनं तरीही मान खाली घातली.

"बघितलंत?"
बघितलं.

मग पट्टी परत चेंबरमध्ये घालता घालता म्हणाला,
तीन वर्षांपूर्वी, खिडकी चार, तुम्हीच होतात.
सोळा वर्षं पलटणीत काढलेला माणूस मी,
सुई दिसली आणि तोंड फिरवलं
भिंतीवरच्या कॅलेंडरकडे.
तुम्ही म्हणालात, बघू नका, श्वास सोडा.

मला आठवत नाही.
दिवसाला दोनशे दंड; चेहऱ्यांपर्यंत मी जात नाही.
आत्ता पाहिलं, त्याच्या डाव्या भुवईत
एक रेघ आहे, जिथे केस उगवत नाहीत.

"श्वास सोडा," तो म्हणाला, "पण बघा."

सोडला.
माशी स्पष्ट, कागद धूसर,
बांधापलीकडे एका क्रेनचा थांबलेला हात.
सैल. भिंत.
भिंतीशी रेंगाळले, जरा जास्तच.
सुटली कधी ते कळलं नाही.
नऊ.
तिथेच थांबायला हवं होतं,
पुढची सहावर गेली.

नियम असा: पन्नास गोळ्या घेतल्या
तर पन्नास टरफलं मोजून परत.
मी एकोणपन्नास दिली.
एक मुठीत होतं, अजून कोमट,
काठावर नखानं दाबावं तशी एक खूण.
टेकबहादूरनं मोजली. पुन्हा मोजली.
माझ्या मुठीकडे पाहिलं,
आणि तोंड फिरवलं
भिंतीकडे, जिथे कॅलेंडर नव्हतं.