हॉटेल गोदा व्ह्यू

पेठ नाक्यामागं, आमच्या गिरणीच्या पत्त्यावर
फोनमध्ये एक हॉटेल उभं आहे.
चार मजले, लिफ्ट,
आणि खिडकीत, बघा तुम्हीच,
समुद्र.

परवा रात्री साडेअकराला हिंगोलीचे भुजंगराव आले,
मागं बायको, लाल फडक्यात बांधलेला कलश.
अठराशे आगाऊ भरलेले.
"रिसेप्शन कुठंय?"
मी हात झटकले. पीठ उडालं.

त्या नंबरावरची बाई
पैसे पोचेपर्यंत गोड बोलली होती.
मग रिंग. नुसती रिंग.

म्हटलं, फोटो नीट बघायचा हो, नाशकात कुठला समुद्र?
पैसे टाकण्याआधी इथल्या कुणाला तरी विचारायचं.
कुणाला?
त्यांच्या ओळखीचा इथला पहिला माणूस
मीच होतो.

बाजरीची पोती सरकवली, सतरंजी टाकली.
कलश वजनकाट्यावर ठेवला,
तेवढीच जागा पुसलेली.
काटा हलला.
दोघंही दुसरीकडे बघत राहिले.

सकाळी रामकुंडावरून ओल्यानं परत आले.
पैसे मी घेईना.
माणूस हट्टी. पोराला फोन लावून
त्या हॉटेलाला पाच तारे देववले,
वर लिहवलं: मालक देवमाणूस.

आज तिसरं कुटुंब दारात उभं आहे.
पट्टा थांबवतो.
सतरंजी कालची अजून वाळत आहे.