तेलाचं बोट

हिरेमठ सरांनी दाखल्यावर सही केली
आणि शिक्का मारण्याआधी मोठ्यानं वाचून दाखवलं:
कुमारी रेश्मा भरमा गोरल, राहणार येळ्ळूर,
हिची मातृभाषा मराठी आहे.
'आहे' त्यांनी जरा जास्तच जपून उच्चारलं,
पाहुण्याच्या घरची कपबशी उचलावी तसं.
त्यांनीच मला कन्नड शिकवलं.
दहावीला कन्नडात त्र्याण्णव, मराठीत अठ्ठ्याऐंशी.
दोघांनाही ते आठवलं,
बोललं कुणी नाही.

त्या कागदावर कोल्हापुरात जागा मिळत होती.
सीमाभागाचा कोटा, आठशे पासष्ट गावांची यादी,
यादी माझ्या बापाहून वयानं मोठी.
इकडे सीईटीच्या रँकवर बेळगावातच एक.
ब्रँच दोन्हीकडे मेकॅनिकल.
थोरला काका म्हणाला, ह्यात विचार कसला?
आम्ही काठ्या खाल्ल्या त्या काय हिथली फी भरायला?
सविता भजंत्री म्हणाली, बस एकच हाय,
सीट धरून ठेवते, नी बा सुम्ने.
आईनं विचारलं, कपडे वाळत घालायला
जागा कुठं जास्त आहे?

बाप काही म्हणाला नाही.
उद्यमबागेत बावीस वर्षं एकाच लेथवर उभा असतो,
त्यानं दोन दिवसांची रजा टाकली.

कोगनोळीचा नाका गेला, पाट्यांची लिपी बदलली,
बाप झोपलेलाच.
कॉलेज काचेचं. भिंतीवर नोकरी लागलेल्या पोरांचे फोटो,
प्रत्येकाच्या हनुवटीखाली पगार.
मॅडम छान बोलत होत्या, आपल्या भाषेत,
एकही शब्द मनात फिरवून घ्यावा लागला नाही.
बाप म्हणाला, वर्कशॉप बघायचंय.
पालक सहसा ते बघत नाहीत, त्या म्हणाल्या.
किल्ली सापडायला वीस मिनिटं गेली.
लेथ नवा, हिरवागार.
बापानं बेडवरून बोट फिरवलं,
बोटाकडं बघितलं,
काहीच लागलं नव्हतं तरी रुमालाला पुसलं.

दुसऱ्या दिवशी बेळगाव.
पायरीची फरशी हलते. ऑफिसातला माणूस जेवायला गेलेला.
वर्कशॉप उघडंच, दारात लोखंडी बुरादा,
एक पोरगा कापलेलं बोट तोंडात धरून उभा.
तिथल्या मेस्त्रीचं आणि बापाचं टेपरवरून जुंपलं,
थोडं कन्नड, थोडं मराठी, बाकी नुसते आकडे.
अर्धा तास मी दोघांनाही नव्हते.
परतताना बापाचं बोट काळं,
ते त्यानं पँटला पुसलं,
आई कितीदा सांगते तरी.

बसमध्ये मी विचारलं, मग?
म्हणाला, शिकणार तू का मी?
आणि खिडकीतून भाताची रोपं बघत बसला.

शेवटचा दिवस. गोवावेसचं सायबर. चार चाळीस.
स्क्रीनवर चार गोल, इंग्रजीत:
सीट मान्य. मान्य, पण याहून चांगली हवी.
अमान्य, पुन्हा बघू. आणि शेवटचा, निघून जाते.
माणसाला आयुष्यात एवढं स्पष्ट
कुणी कधी विचारत नसेल.
दाखला पिशवीत होता, घडी न घालता, दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये.
वाटलं होतं रडू येईल.
पंख्याचा वारा माझ्यापर्यंत पोचत नव्हता, तेवढं आठवतं.
पहिल्या गोलावर क्लिक केलं.

काका अजून बोलत नाही.
त्याचं चुकलं असंही मला म्हणता येत नाही.
दाखला मी परत केला नाही, फाडलाही नाही.
मी काय बोलते हे शिक्क्यासकट सांगणारा
तो एकच कागद आहे घरात.

संध्याकाळी हिरेमठ सरांना फोन लावला.
त्यांनी मराठीत विचारलं, कुठे घेतलंस?
मी कन्नडात सांगितलं.
मग दोघंही थांबलो,
अभिनंदन आता कुठल्या भाषेत,
हे आधी समोरच्यानं ठरवावं म्हणून.