दोन बोटांची हवा

तिसऱ्यांदा आली गाडी, टोचन होऊन,
चोरलच्या पुढून, भेरूघाटाच्या निम्म्या चढावरून.
रेशीमवाले बाई म्हणाल्या,
"पेडल खाली गेलं ते वर यायचं विसरलं."
मी दाबून पाहिलं. आलं वर.
ताठ, शहाण्यासारखं,
तपासणीचा साहेब वर्गात शिरल्यावर
मागच्या बाकावरचं पोर बसतं तसं.
लोहामंडीपर्यंत ओढून आणण्यात दोन तास गेले होते.
थंड झालेली गाडी कधीच चूक कबूल करत नाही.

पहिल्यांदा मी वरचा सिलिंडर बदलला होता,
दुसऱ्यांदा खालचा.
दोन्ही वेळा पैसे घेतले.
बिलबुकात कार्बन आहे अजून, सही माझीच.

या वेळी पाना हातात घेतला नाही.
इंजिन चालू ठेवलं आणि गोणपाट टाकून
गाडीखाली आडवा झालो,
मे महिन्यातली दुपारची दोनची वेळ,
लोकेंद्र म्हणाला, भिया, मरायचंय का?
मी म्हटलं, पेडल दाबत राहा, बोलू नको.

अर्ध्या तासानं दिसलं.
पेन्सिलीएवढी नळी क्लचची,
आणि तिला खेटून सायलेन्सरचा तापलेला बांक;
मधून सुपारीसुद्धा गेली नसती.
कुणीतरी, देवास नाक्यावरच्या कुणीतरी,
नवा सायलेन्सर बसवताना
नळी जराशी सरकवली असणार अंगठ्यानं.
जराशीच.

तेल दबत नाही, म्हणून निरोप पोचवतं:
पायाचा निरोप, जसाच्या तसा, क्लचपर्यंत.
उकळलं की त्याची वाफ होते,
आणि वाफ दबते.
सगळा निरोप गिळून बसते.
तीस वर्षं हे मला ठाऊक होतं
आणि दोन बिलं मी तरी फाडली.

जुनं तेल काढलं तर कोऱ्या चहासारखं.
हवेतलं पाणी पीत बसतं ते, चोरून,
झाकणाच्या बारक्या भोकातून, वर्षानुवर्षं.
जितकं पाणी, तितकी लवकर उकळी.
नवं ओतलं, मधाच्या रंगाचं.

सियागंजातून चंदेरी बाही आणली, हातभर.
हकीमुद्दीनभाईंनी कापून दिली,
आणि कात्री ठेवता ठेवता म्हणाले,
"ही शेवटी घाला. आधी दूर करा."
तेच केलं. दवाईच्या बाटलीभोवती
हळूहळू वळवली नळी, मुरड पडू न देता,
चॅसीच्या अंगाला नेली, क्लिपा मारल्या.
थोडी सैल ठेवली.
इंजिन झोके खातं; ताणून बांधलेलं
एक दिवस तुटतं.
मग बाही. मग तुपाच्या डब्याचा पत्रा आडवा,
पण चिकटवून नाही,
वॉशर घालून उभा, मध्ये दोन बोटं हवा.
लोकेंद्र म्हणाला, हवेनं काय होणार?
म्हटलं, पत्रा हवेची राखण करतो.
नळीची राखण हवाच करते.

मग दाब. धर. सोड.
दाब. धर. सोड.
बाटलीतल्या रबरी नळीतून बुडबुडे आले,
मग बारीक, मग एकच,
मग नुसतं तेल.

गुरुवारी बाई बडवाहला निघाल्या,
बहिणीकडे. दर गुरुवारी जातात, भांडायला.
मला बाजूला बसवलं. अडुसष्ट वर्षांच्या आहेत,
आरशात केस नीट करतात, मग गिअर टाकतात.
बहिणीकडे मी ओट्यावर बसलो.
आतून आवाज चढला, उतरला,
मग बराच वेळ काहीच नाही,
मग दोघी हसल्या कशाला तरी.

परतताना भेरूघाट.
पुढे कांद्याचा ट्रक, मागे बस,
दुसरा गिअर, पहिला, पुन्हा दुसरा.
माझा उजवा पाय रिकाम्या फरशीवर
नसलेलं ब्रेक दाबत होता,
माझं लक्ष त्यांच्या डाव्या पायावर.
पेडल खाली गेलं.
वर आलं.
त्या सांगत होत्या, बहिणीनं लोणच्यात मेथी किती घातली.

दोन जुन्या बिलांचे पैसे मी पाकिटात घालून
डॅशबोर्डवर ठेवले.
त्यांनी मोजले, पत्र्याचे चाळीस काढून परत दिले,
बाकीचे पर्समध्ये टाकले,
काही म्हटलं नाही.

गाडीखाली आता टॉर्च मारली
तर डब्यावरची अक्षरं दिसतात, उलटी,
थोडी जळलेली:
शुद्ध. पंधरा किलो.