चार की सहा

वेलजीभाई विचारतात, कपाट की दिवाण?
मी म्हणते, होडी.
ते कानावरचं पेन काढतात, परत ठेवतात.
मग घ्या ना बाई, अठरा एमएम,
आयुष्यभर हलणार नाही.

हलणार नाही, हीच तर अडचण.

भवानी पेठेतल्या या गल्लीत
चहात भुसा पडतो आणि कुणी काढत नाही.
मी दोन नमुने मागून घेतले, वीत वीत लांब,
एक चारचा, एक सहाचा,
आणि अंगठ्याने दाबत बसले
गिऱ्हाइकाच्या खणाचा पोत बघावा तशी.
एकतीस वर्षं धायरीत ब्लाउज शिवलेत मी.
जाड कापड मापात बसतं,
पातळ कापड अंगात बसतं,
आणि शिवताना चूक झाली
तर जाड पोटात घालतं, पातळ गावभर सांगतं.

ही होडीही शिवायचीच आहे.
कडांना भोकं पाडायची, तांब्याची तार ओवायची,
पीळ द्यायचा, सांध्यात इपॉक्सी भरायचं,
ते धरलं की तार काढून घ्यायची:
आधी धावदोरा, मग पक्की शिवण.
पुढे नाकाशी जिथे दोन्ही बाजू जवळ येतात
तिथे सहाचा प्लाय ऐकत नाही.
चार ऐकतो. जरा जास्तच ऐकतो.

तिसऱ्या मजल्यावरचे सप्तर्षी
कॅल्क्युलेटर घेऊनच पार्किंगमध्ये उतरले.
जाडी दीडपट, ताठपणा सव्वातीनपट,
घनाचा नियम आहे, वहिनी.
असेल. आणि वजन?
वजन दीडपटच, म्हणाले, जरा नाराजीने,
जणू वजनाने त्यांना ऐन वेळी दगा दिला.

वजनातलं मला कळतं.
रिकामं सिलिंडर मी अजून जिन्यावरून एकटी उतरवते.
भरलेलं नाही. दोन वर्षं झाली.
चारची होडी म्हणजे रिकामं सिलिंडर, जवळपास.
सहाची, सगळं धरून, भरलेलं.
खडकवासल्याच्या काठावर
दुसरं टोक कोण धरणार?
लेक म्हणाली, मी येईन ना रविवारी.
माझं दुकान बुधवारी बंद असतं.

पण तळ.
उन्हाळ्यात पाणी उतरलं की दगड वर येतात,
आणि जे येत नाहीत
ते बोटभर पाण्याखाली बसून राहतात.

नमुने घरी आणले, कुकरमध्ये टाकले.
मरीन म्हणून दिलेलं मरीन आहे का
हे पाण्यालाच विचारायचं असतं.
तासाभराने चारचा जसाच्या तसा, फक्त काळवंडलेला.
सहाचा एका कोपऱ्यात पापुद्रा सोडून बसलेला.
दुसऱ्या दिवशी तो मी काउंटरवर ठेवला.
वेलजीभाईंनी वास घेतला.
उकडलात?
उकडला.
ते काही न बोलता आत गेले
आणि आतला माल घेऊन आले.
(तोही उकडला. टिकला.
त्या आठवड्यात वरणाला लाकडाचा वास होता.)

तर तळाला सहा, बाजूंना चार.
पाठीला अस्तर लावते, बाहीला नाही, तसं.
सप्तर्षींना पटलेलं नाही,
त्यांच्या गणितात एका वेळी एकच जाडी मावते.

बिलबुक उघडून वेलजीभाई म्हणाले, नाव?
मी म्हटलं, हो, नावच.
अहो, तुमचं.
शैलजा पोकळे, लिहा.
होडी कशाला, हे सगळ्या सोसायटीने विचारलं,
त्यांनी नाही. सुतळी मात्र दोन हात जास्त दिली.

टेम्पोत मागे बसून आले, तक्त्यांवर हात ठेवून.
स्वारगेटपासून सिंहगड रस्त्यावरच्या प्रत्येक खड्ड्याला
चारचे तक्ते बडबडत होते.
सहाचा खाली, गप्प.